डोंग्यातली मागची जागा

श्यामलालच्या नीतूला आपल्या मायचा चेहरा आठवत नव्हता, आणि ही गोष्ट तिनं जगात कोणालाच सांगितली नव्हती. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? सखाबाई तापानं गेली तेव्हा नीतू चांगली चौथीत होती. चौथीतल्या पोरीला माय आठवत नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील? माय म्हणजे काय एखाद्या लग्नात भेटलेली लांबची मावशी आहे? नीतू स्वतःच स्वतःला असं टोचून बोलायची आणि मग कामाला लागायची.

घरात फोटो एकच होता, मतदानाच्या कार्डावरचा. ज्या वर्षी गावातल्या तलावाची पाळ फुटली त्या वर्षी लोखंडी पेटी पाण्यात बुडून राहिली आणि कार्डाच्या प्लास्टिकमध्ये पाणी शिरलं. नाव राहिलं, गाव राहिलं, चेहऱ्याच्या जागी तेवढा पांढरा डाग पडला. पाण्यालाही नेमकं तेच पुसायचं होतं, बघा! श्यामलालनं ते कार्ड उन्हात वाळवलं आणि देवाजवळ ठेवून दिलं. त्याला चेहऱ्याची गरज नव्हती, त्याच्या डोळ्यांत तो होताच. नीतूच्या डोळ्यांत मात्र नव्हता.

तशी नीतू चित्रकार. अड्याळपासून पवनीपर्यंतच्या कितीतरी शाळा नि अंगणवाड्यांच्या भिंती तिनं रंगवलेल्या. फांदीवरचा पोपट, तळ्यातलं कमळ, साबणानं हात धुणारा पोरगा, झाडाखाली पुस्तक वाचणारी दोन वेण्यांची पोरगी. हात असा बसला होता की झोपेत उठवून पोपट काढायला सांगितला असता तरी चोच बरोबर आली असती. म्हणून तर मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष भोजराज त्या उन्हाळ्यात तिच्या दारात येऊन खाटेवर बसला.

"तलावाच्या घाटावर नवी भित बांधून रायलो आमी," तो म्हणाला. "तिच्यावर तुया मायचं चित्र पायजे. शिंगाड्यासाठी गावच्या बाया पान्यात पयल्यांदा उतरवल्या त तिनंच. मंडईच्या दिवशी सारा गाव पायीन."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावाची जत्रा. नीतूची मान आपोआप होकारार्थी हलली.

"आनं रंगानं नोको काढू," भोजराज उठता उठता म्हणाला. "रंग पान्यापावसात टिकत नाई. टाइलच्या तुकड्यायचं कर. पवनीची थे मॅडम शिकवते म्हनतेत."

भोजराज गेला आणि नीतू खाटेच्या कडेला बसून राहिली. आपण हो म्हटलं, हे तिचं तिलाच खरं वाटेना. ज्या बाईचा चेहरा आठवत नाही तिचा चेहरा सगळ्या गावासमोर लावायचा! पण भीतीच्या आडून एक हावही डोकं वर काढत होती. हात नीट शिकला, तर काय सांगावं, हातच मायचा चेहरा शोधून काढील. डोकं विसरलं म्हणून काय हातही विसरला असेल?

पवनीची मॅडम म्हणजे कीर्तीताई. कोष्ट्यांचं जुनं घर. आजोबांचा माग कधीच मोडीत निघाला होता, पण माणूस पाय सोडून विणायला बसायचा तो खड्डा जमिनीत तसाच राहिला होता. कीर्तीताईंनी तो बुजवला नाही. खड्ड्याच्या काठावर लांब फळी टाकली आणि शिकणाऱ्यांना तिथं बसवायला सुरुवात केली. पाय खड्ड्यात, कागद फळीवर. नीतू पहिल्यांदा बसली तेव्हा तिला वाटलं, आपण पाण्याच्या काठावरच बसलोय. खड्ड्यात गारवा होता. तिनं नकळत पाय हलवून पाहिले.

"काढ काहीतरी," कीर्तीताई म्हणाल्या.

नीतूनं पोपट काढला. भराभर, झोकात. कीर्तीताईंनी तो उचलून उजेडात धरला.

"सुंदर आहे. कुठं पाहिलास?"

"शाळेच्या भितीवर."

"ती भिंत कोणी रंगवली?"

नीतूनं मान खाली घातली. "मीच."

कीर्तीताई इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. नीतूला आधी राग आला, मग तीही हसली. हसणं ओसरल्यावर कीर्तीताईंनी पाण्यानं भरलेला तांब्या तिच्यापुढं ठेवला. "आता हा काढ. तुला माहीत असलेला तांब्या नको. इथं दिसतोय तो."

सोपं वाटतं ऐकायला. करून बघा म्हणजे कळेल! माहीत असलेला तांब्या दिसणाऱ्या तांब्याच्या सारखा आडवा येत होता. नीतू काढायची, खोडायची, पुन्हा काढायची. उन्हाळाभर दर रविवारी तिनं तांब्या, चप्पल, वाळत घातलेली साडी, कीर्तीताईंची झोपलेली मांजर असं काय काय काढलं. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलं की बाहेरचं सगळं पेन्सिलीनं काढल्यासारखं दिसायचं. शेतांच्या धुऱ्यांच्या रेघा, पळसाची वाकडी खोडं, उन्हात आटलेल्या बोड्यांचे, लहान तळ्यांचे काठ. डोळे मिटले तरी रेघा चालूच राहायच्या. त्या रेघांवरून तिला झोप लागायची, आणि झोपेत हमखास तलाव यायचा.

ते स्वप्न लहानपणापासूनचं होतं. त्यात शिंगाड्याचा तलाव असायचा आणि त्यावर त्यांचा जुना डोंगा, एकाच खोडातून कोरलेला, अरुंद. माय पुढच्या टोकाला वाकून वेलाखालचे शिंगाडे तोडायची. तोडणारी पुढं वाकली की डोंग्याचं तोंड पाण्यात जातं, म्हणून मागं वजन लागतं. ते वजन म्हणजे नीतू. मायनं तिला लाडानं सोबत नेलं होतं असं लोक समजत, पण ती वजन म्हणून गेली होती आणि तिला त्याचा फार अभिमान होता. "सरकू नोको," माय पुढूनच म्हणायची. सगळं स्वप्न एवढंच. हिरवा तलाव, हलका डोंगा, आणि "सरकू नोको." जाग आली की नीतूला कोणीतरी डोक्यावरून हात फिरवल्यासारखं वाटायचं.

पावसाळ्यात कीर्तीताईंनी रंग हातात दिले. मातकट, तपकिरी, पिवळा. अंगाचा रंग एका डबीत मिळत नाही, तो कालवावा लागतो, हे नीतूला तिथं कळलं. मग ती मायचा चेहरा गोळा करायला निघाली. वच्छला आत्याला विचारलं. आत्या मासळी साफ करत होती.

"नाक तुयावानीच होतं," आत्या म्हणाली. "आनं कपाळ... कपाळ बी तुयावानीच."

"आनं डोळे, आत्या?"

"डोळे असतेत तसेच होते. मले काय इचारतं, तुया बाले इचार."

मग बापाला विचारलं. श्यामलाल जाळं विणत ओसरीवर बसला होता. त्यानं लेकीकडं बराच वेळ पाहिलं.

"आरशात पाय," तो म्हणाला. "काई फरक नाई."

झालं. सगळे रस्ते फिरून आरशाशी आले. नीतूनं भिंतीवरचा आरसा खुंटीवरून काढला, समोर ठेवला आणि आपलाच चेहरा काढला. गाल जरा बसवले, कपाळावर मोठं कुंकू दिलं, डोक्यावर पदर घेतला. चित्र उतरलं मात्र अगदी ठसठशीत. हात आता खरंच शिकला होता.

मग तुकड्यांचं काम आलं. कीर्तीताईंची पद्धत उलटी होती. जाड कागदावर चित्र आरशातल्यासारखं उलटं उतरवायचं, त्यावर तुकडे पालथे चिकटवायचे. तुकड्याची रंगीत बाजू कागदाकडे, मागची खरखरीत बाजू आपल्याकडे. चिकटवायला तांदळाची खळ, मागावरच्या ताण्याला पाजायला कीर्तीताईंची आजी करायची तीच. सगळं जमलं की भिंतीवरच्या ओल्या सिमेंटवर तो कागद थापायचा. कागद ओला करून सोलला, की चित्र पहिल्यांदा सरळ दिसतं. तोवर करणारीलाही ते दिसत नाही.

नीतू पकडीनं टाइल तोडायला शिकली. बोटं कापून घेतली, पट्ट्या बांधल्या, पुन्हा तोडली. दसऱ्याच्या सुमारास चेहरा कागदावर पूर्ण बसला, डोळ्यांना काचेचे तुकडे लावून. कीर्तीताईंनी मूळ रंगवलेलं चित्र शेजारी ठेवलं होतं, त्याच्याकडं त्या बघत राहिल्या.

"काम उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण ही बाई आरशात बघत असल्यासारखी बघते."

नीतूनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माणूस पकडला गेला की असंच करतो.

भोजराजला तर ते रंगवलेलं चित्र इतकं आवडलं की त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो घेतला आणि गावभर फिरवला. ज्यानं त्यानं मान डोलावली. हुबेहूब सखाबाई. वच्छला आत्यानं मोबाइलला हात लावून बोटं कपाळाला लावली. श्यामलाल फोटो बघून आत निघून गेला आणि बऱ्याच वेळानं डोळे पुसत बाहेर आला. "बेस केलं माय," एवढंच म्हणाला. लेकीला माय म्हणायची त्याची सवयच होती, पण त्या दिवशी नीतूला तो शब्द सोसला नाही.

त्याच रात्री, पहाटेकडं, स्वप्न आलं. तोच हिरवा तलाव, तोच डोंगा. नीतू मागं बसलेली. पण माय "सरकू नोको" म्हणाली नाही. ती हळूच मागं वळली. पदराखाली नीतूचाच चेहरा होता, गाल बसवलेला, कपाळावर मोठं कुंकू, काचेच्या डोळ्यांचा. मायचं वजन फिरलं तसा डोंगा कलंडला आणि सगळा तलाव नीतूच्या नाकातोंडात शिरला.

ती उठून बसली. दुसऱ्या पहाटेही तेच. तिसऱ्या पहाटे तर माय आधीपासूनच वळून बसलेली होती. दिवसा भात चुलीवर ठेवताना, विहिरीवर दोर ओढताना नीतूनं डोळे मिटून जुनं स्वप्न आठवायचा प्रयत्न केला, पण दर वेळी तो काचेचा चेहराच पुढं आला. आता ती खरंच भ्याली. आजवर तिला निदान काही आठवत तरी नव्हतं. आता खोटं आठवत होतं, आणि ते खोटं मंडईला घाटावर कायमचं बसणार होतं. रोज तिथून जाताना तेच दिसणार, सगळे तिलाच सखाबाई म्हणणार, आणि खरी माय, जेवढी काय उरली होती तेवढीही, त्या सिमेंटखाली जाणार.

त्या दिवशी रविवार नव्हता. तरी नीतूनं पवनीची बस धरली. कीर्तीताई दारातच तांदूळ निवडत होत्या. नीतू थेट आत गेली, घमेलं पाण्यानं भरून खड्ड्याच्या काठाशी बसली आणि तो चेहरा कागदासकट पाण्यात सोडला. खळ पाण्यात विरघळते. थोड्या वेळात एकेक तुकडा सुटला. आधी कुंकू गेलं, मग गाल, मग डोळे. शेवटी घमेल्याच्या तळाशी रंगीत तुकडे आणि वर तरंगणारा कोरा कागद. नीतू ढसाढसा रडली.

कीर्तीताई मागं येऊन उभ्या होत्या. त्या रागावतील असं नीतूला वाटलं, पण त्या बाजूला बसल्या.

"मले मायचा चेहरा आठवत नाई, ताई," नीतू म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "बिलकूल आठवत नाई. थो माया होता."

कीर्तीताई काही वेळ घमेल्यातले तुकडे हातानं ढवळत राहिल्या. मग म्हणाल्या, "चेहरा राहू दे. तू पाहिलंस काय?"

नीतूनं डोळे मिटले. पाय खड्ड्यात सोडलेले होते, तिथला गारवा तळव्यांना लागत होता. आणि तो काचेचा चेहरा येण्याच्या आत, त्याच्या अलीकडून, पाठ आली. ओल्या चोळीची पाठ. हुक तुटलेला म्हणून तिथं लावलेली सेफ्टी पिन. वाकलं की मानेखाली वर येणारा एक मणका. डावा खांदा उजव्यापेक्षा जरा उतरलेला. अंबाडा कधी घट्ट बसायचाच नाही, त्यातून सुटलेली एक बट मानेला चिकटलेली. चोळीच्या काठाशी घामानं झालेली मिठाची पांढरी रेघ. नीतूनं ती पाठ कितीतरी सकाळी तासन् तास पाहिली होती, दुसरं काही बघायला नव्हतंच. हललं तर डोंगा हलायचा.

"पाठ पायली," ती म्हणाली.

"मग मंडईच्या आत होईल का?"

"होईन."

आता नीतूला कोणाला विचारावं लागलं नाही. तलावाच्या पाण्याशी रंग जुळेल अशा हिरव्या फुटक्या बांगड्या ती वेचून घेऊन आली. चहाच्या टपरीवरच्या फुटक्या कपांतून मिठाच्या रेघेपुरते पांढरे तुकडे मागून आणले. आणि मायच्या मानेसाठी, दंडासाठी तिनं आपल्या जुन्या घराची कवेलू फोडली, तलाव फुटला तेव्हा पडलेल्या छपराची कौलं. भाजलेल्या मातीचा तो तांबूस काळा रंग तिनं एकदाच पाहिला आणि पकड हातात घेतली. अंगाचा रंग कालवत बसायची गरज राहिली नाही.

कागदावर पाठ उलटी उतरवली होती, तुकडे पालथे पडत होते. काम करता करता एकदा नीतू थबकली. पाठ कागदाच्या पलीकडं होती. म्हणजे आपण बसलोय ती बाजू मायच्या समोरची. इतकी वर्षं मागं बसून आपण आज पहिल्यांदा तिच्या समोर येऊन बसलोय, आणि इथूनही चेहरा नाहीच, खरखरीत टाइल नि कवेलूच आहे. पण त्याचं तिला वाईट वाटलं नाही. ती तिथं बसून बराच वेळ मायशी गप्पा मारत राहिली, मनातल्या मनात, तुकडे लावता लावता. दिवाळी त्यातच गेली. रात्री ती गाढ झोपायची, आणि स्वप्नात काही यायचं नाही.

मंडईच्या दोन दिवस आधी तिनं आणि कीर्तीताईंनी तो कागद भिंतीवर थापला, सोलला आणि कोणी बघायच्या आत वर कापड टाकलं. मंडईच्या सकाळी घाटावर गाव जमा झालं. भिंत कमरेएवढीच होती, तिच्यावरून पलीकडचा खरा तलाव दिसायचा, शिंगाड्याच्या पानांनी भरलेला. भोजराजनं नवा सदरा घातला होता. त्यानं वरचं कापड ओढलं आणि त्याचं हसू जागच्या जागी थिजलं.

भिंतीवर डोंग्याचं टोक होतं. त्यावर वाकून बसलेली एक बाई, पाठमोरी. चोळीला पिन, मानेला चिकटलेली बट. तिच्यापुढं हिरवं पाणी भिंतीच्या काठापर्यंत गेलं होतं आणि तिथून पुढं खरं पाणी सुरू होत होतं.

"तोंड कुठं हाय?" भोजराज म्हणाला. "मोबाइलवर त तोंड होतं."

बायकांत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, अर्धंच केलं वाटते. वच्छला आत्या पुढं होऊन भिंतीची दुसरी बाजू बघून आली, जणू तोंड तिकडं असेल.  नीतू कोणाकडंच बघत नव्हती, फक्त बापाकडं.

श्यामलाल गर्दीतून पुढं आला. तो चित्राच्या अगदी जवळ गेला, पिनेवर बोट ठेवलं, मग उतरलेल्या खांद्यावर. मग मागं सरला.

"तोंड काहून नाई काढलं, माय?" त्यानं विचारलं. त्यात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"थे वळली असती त डोंगा उलटला असता, बा," नीतू म्हणाली.

 श्यामलाल पुन्हा चित्राकडं पाहू लागला. त्याचे ओठ हलत होते. लग्नानंतर तो स्वतः रोज काठावरून बघायचा, डोंगा समोरून येताना. त्याला तोंड दिसायचं. ही दुसरी बाजू त्यानं कधी पाहिलीच नव्हती.

"तू कुठं बसे?" त्यानं विचारलं.

नीतूनं चित्रासमोरची पायरी दाखवली. "एथंच. मांगं."

"मंग मी बसतो जरासा," श्यामलाल म्हणाला आणि गुडघ्यांवर हात टेकून त्या पायरीवर बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ते पुसायला त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यासाठी हात मागं नेला, तसा तो जरा एका बाजूला कलला.

नीतूनं मागून त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

"सरकू नोको, बा," ती म्हणाली.